निकालाआधीचा पैसा

परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी या भागांत कोणाच्या घरी कर्करोगाचे निदान झाले, की पहिल्या धक्क्यातून सावरताना घरातला कर्ता माणूस एकच वाक्य बोलतो : “टाटाला न्यावं लागंल.” मग देवगिरीचे किंवा तपोवनचे तिकीट, तपासण्यांच्या कागदांनी फुगलेली पिशवी, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का याची चौकशी आणि पाचशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास. मराठवाड्याला हा रस्ता पाठ झाला आहे.

परळचे हे रुग्णालय लोकांना उपचारांसाठी माहीत आहे. त्याच्याशी जोडलेल्या प्रयोगशाळांत जे घडत आले, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. माणसाच्या पेशी शरीराबाहेर जगवणे, रोगट अस्थिमज्जेच्या जागी निरोगी मज्जा रुजवणे आणि अखेर रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून त्यांना कर्करोगाशी लढायला लावणे, अशी ही नव्वद वर्षांची वाटचाल आहे. तिच्यात शास्त्रज्ञांच्या बुद्धीइतकेच महत्त्व पैशाला होते. तो कोणी दिला, निकाल दिसण्याच्या किती आधी दिला, आणि तो एकाच संस्थेत अडकून राहिला की अनेक संस्थांना एकत्र आणू शकला, यावर पुढचे सारे ठरत गेले. म्हणून ही गोष्ट पैशाच्या बाजूने सांगायला हवी.

हिरा आणि निधी

१८ जून १९३१ रोजी वेल्समधील रुथिन या गावी लेडी मेहरबाई टाटा यांचे ल्युकेमियाने निधन झाले. जमशेदजी टाटांच्या त्या थोरल्या सून, सर दोराबजींच्या पत्नी. ऐपतीला तोटा नव्हता. युरोपातले उत्तमोत्तम डॉक्टर उपलब्ध होते. पण रक्ताच्या कर्करोगावर त्या काळी क्ष-किरण आणि आर्सेनिक यांपलीकडे कोणाकडेच काही नव्हते. श्रीमंतीला जे विकत घेता येत नाही ते ज्ञान असते, हे दोराबजींना पत्नीच्या आजारपणात उमगले असावे. कारण त्यांनी पुढे जे केले, ते नुसते स्मारक नव्हते.

एप्रिल १९३२ मध्ये त्यांनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. या निधीच्या उत्पन्नाचा चार पंचमांश हिस्सा जगभरातील ल्युकेमिया संशोधनासाठी राखून ठेवला. उरलेला एक पंचमांश हिस्सा भारतात, माणसाचे दुःख कमी करू शकेल अशा वैज्ञानिक संशोधनासाठी होता. मुंबईतल्या माणसाचा पैसा, पण संशोधक कुठल्या देशाचा याची अट नाही. शोध कुठेही लागला तरी तो सगळ्यांच्या कामी येईल, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे दोनच महिन्यांत, ३ जून १९३२ रोजी, जर्मनीतील बाड किसिंगेन येथे दोराबजीही गेले. त्यांची जवळजवळ सारी मालमत्ता सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे गेली. मेहरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा नंतर विकला गेला आणि तो पैसाही ट्रस्टच्या कामाला आला. हाच हिरा १९२४ मध्ये, टाटांचा पोलाद कारखाना बुडायला आला असताना, कामगारांचे पगार भागवण्यासाठी गहाण पडला होता.

मुलांच्या तीव्र ल्युकेमियाला काही काळ मागे हटवणारे पहिले औषध १९४८ मध्ये बोस्टनमध्ये दिसले. डॉ. सिडनी फार्बर यांनी मुलांना अमिनोप्टेरिन दिले आणि काही मुलांचा आजार काही काळ मागे हटला. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तिथले संशोधन आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव पाहत होते. म्हणजे मुंबईचा निधी उभा राहिल्यावर आशेचा पहिला किरण दिसायला १६ वर्षे लागली. एवढी वर्षे परतावा न मागता थांबू शकणारा पैसा फार दुर्मीळ असतो.

खानोलकर आणि रणदिवे

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची सूत्रे आली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे. लंडनमध्ये विकृतिशास्त्र शिकून आलेल्या खानोलकरांनी आधी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज येथे अध्यापन केले होते. रुग्णालयाला जोडून प्रयोगशाळा असलीच पाहिजे, आणि तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा प्रश्न व खाटेवरच्या माणसाचा प्रश्न एकच असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आज आपण ज्याला संयुक्त संशोधन म्हणतो, त्याची ही सुरुवात होती.

१९५२ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन केले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. खासगी धर्मादायाने लावलेल्या कामाला आता सरकारी तिजोरीचा आधार मिळाला. पुढे १९५७ मध्ये रुग्णालय आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. हा विभाग तेव्हा डॉ. होमी भाभा चालवत होते. मेहरबाई या भाभांच्या सख्ख्या आत्या. रुग्णालय आणि संशोधन केंद्र १९६६ मध्ये एका छत्राखाली आले व टाटा मेमोरियल सेंटर तयार झाले. अणुऊर्जा विभागाकडे कर्करोगाचे रुग्णालय असणे आजही अनेकांना विचित्र वाटते. पण या व्यवस्थेमुळे त्या रुग्णालयाला विज्ञान खात्याचे अंदाजपत्रक मिळाले, आणि संशोधन हा उपचारांतून उरलेल्या पैशावर करायचा जोडधंदा राहिला नाही.

खानोलकरांच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात एक तरुण संशोधिका आली. पुण्यात जन्मलेल्या, माहेरच्या समर्थ असलेल्या कमल रणदिवे. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. कमलताईंनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करून एम.एस्सी. मिळवली होती. शेतीच्या विज्ञानातून त्या थेट कर्करोगाच्या विज्ञानात आल्या, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या आणि खानोलकरांच्या प्रोत्साहनाने अभ्यासवृत्ती मिळवून अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. याच गे यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींचा, अखंड वाढत राहणारा, पहिला वाण तयार झाला. ‘हेला’ या नावाने तो आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो.

परत आल्यावर रणदिवे यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. नांदेड-परभणीकडच्या केळी उत्पादकांना आज ‘टिश्यू कल्चर’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण रोपाचा कोंब काचेच्या बाटलीत वाढवणे आणि माणसाची किंवा उंदराची पेशी बशीत जगवणे यांत फार अंतर आहे. प्राण्याच्या पेशीला शरीराइतकीच ऊब लागते, रक्तद्रव्याचे पोषण लागते, आणि एका जंतूच्या शिरकावाने महिन्यांची मेहनत वाया जाते. आयात साहित्य मिळणे कठीण आणि परकीय चलन जपून वापरायचे, अशा त्या दिवसांत हे सारे जमवणे म्हणजे कसोटी होती. आणि त्यातून लगेच कुठले औषध निघणार होते असेही नाही.

तरीही तिथून बरेच काही निघाले. रणदिवे यांनी स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या नात्याचा उंदरांवर अभ्यास केला. १९६६ ते १९७० या काळात संशोधन केंद्राच्या संचालकपदाची धुरा सांभाळताना पेशीविज्ञान, कर्कजनन आणि प्रतिकारविज्ञान यांचे स्वतंत्र विभाग उभे केले. त्याआधी १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जंतू वेगळा काढून प्रयोगशाळेत वाढवला होता. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ जंतू असे नाव पडले. पुढे डॉ. माधव देव यांनी त्याच जंतूपासून कुष्ठरोगावरची लस तयार केली. दक्षिण भारतात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने घेतलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे त्यात दिसले. जंतू वेगळा काढल्यापासून चाचणीचा निकाल येईपर्यंत ४० वर्षे लोटली होती. कर्करोगासाठी दिलेल्या पैशातून कुष्ठरोगाची लस निघेल, असे १९५२ च्या अंदाजपत्रकात कोणी लिहिले नसेल. मूलभूत कामाला दिलेला पैसा असाच अनपेक्षित ठिकाणी फळतो.

१९७३ मध्ये रणदिवे यांनी सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले भागात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत राहिल्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. प्रयोगशाळेतील बशी आणि डोंगरातले पोर, दोन्ही त्यांच्या लेखी एकाच विज्ञानाचे विषय होते.

नवी मज्जा

१९८३ साल. टाटा रुग्णालयात तीव्र मायलॉइड ल्युकेमियाने आजारी असलेली नऊ वर्षांची एक मुलगी होती. डॉ. सुरेश अडवाणी यांनी तिच्या भावाची अस्थिमज्जा तिला दिली. भारतातले हे पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण. लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे अडवाणी अमेरिकेत सिएटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे हे तंत्र शिकून आले होते. थॉमस यांना १९९० मध्ये याच कामासाठी नोबेल मिळाले.

मोडलेली ऊती दुरुस्त करण्यापेक्षा ती मुळापासून नव्याने वाढवायची, हे पुनर्जनन वैद्यकाचे सूत्र आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हे त्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत भक्कम उदाहरण. आधी तीव्र औषधांनी रुग्णाची रोगट मज्जा नष्ट करतात. मग दात्याच्या मज्जेतील मूलपेशी शिरेतून, साध्या रक्तासारख्या, शरीरात सोडतात. त्या रक्तातून फिरत आपणहून हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात आणि काही आठवड्यांत नवे रक्त बनवू लागतात. त्यांच्यासोबत नवी प्रतिकारयंत्रणाही येते. डॉक्टरांच्या हळूहळू ध्यानात आले, की दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या शरीरात दडून राहिलेल्या कर्करोगाच्या पेशी शोधून मारतात. औषधाने जे साधले नाही ते दुसऱ्याच्या प्रतिकारशक्तीने साधले. मग पुढचा प्रश्न अटळ होता : रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींना हे काम शिकवता येईल का?

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला देशात पेशीविज्ञानाचा पाया रुंद असायला हवा होता. १९८६ मध्ये केंद्र सरकारने जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला. त्याच वर्षी पुण्यात प्राण्यांच्या ऊती व पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा उभी राहू लागली. तीच आज पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस. तिचे सर्वांत मोठे काम बातम्यांत येत नाही. ही संस्था पेशींचे प्रमाणित वाण जपते आणि देशभरातल्या प्रयोगशाळांना पुरवते. एका गावच्या संशोधकाचा प्रयोग दुसऱ्या गावी पडताळायचा तर दोघांच्या बशीत एकच पेशी असावी लागते. असे सामाईक भांडार कुठल्याही एका संस्थेला आपल्या खिशातून परवडत नाही, आणि त्याच्या जोरावर कोणाचे नाव होत नाही. ते सरकारी पैशानेच उभे राहते.

फिलाडेल्फियाचा धडा

रुग्णाच्या टी-पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या प्रतिकारपेशींना, कृत्रिम ग्राहक (रिसेप्टर) बसवण्याची कल्पना १९८० च्या दशकाअखेर इस्राएलच्या डॉ. झेलिग एशार यांनी प्रयोगात आणली. रोग ओळखणारा प्रतिपिंडाचा तुकडा आणि पेशीला मारायला लावणारी कळ एकत्र जोडली, की पेशी नेमक्या शत्रूवर जाते. ‘कार-टी’ म्हणतात ते हेच. पेनसिल्वेनिया विद्यापीठातील डॉ. कार्ल जून यांनी ही कल्पना माणसांपर्यंत नेली. २०१० मध्ये त्यांनी पहिल्या तीन रुग्णांवर उपचार केले आणि पैसे संपले. त्या तिघांचे निष्कर्ष २०११ मध्ये छापून आल्यावर जगाचे लक्ष वेधले गेले. एप्रिल २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला फिलाडेल्फियात हा उपचार मिळाला आणि ती वाचली. त्याच वर्षी एक बलाढ्य औषध कंपनी पुढे आली. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली. त्याची किंमत होती ४,७५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये.

कंपनी निकाल दिसल्यावर आली. त्याआधीची वीस वर्षे विद्यापीठे, सरकारी अनुदाने आणि धर्मादाय संस्था यांच्यावर निभली. किंमत मात्र शेवटी आलेल्याने ठरवली.

त्याच वर्षांत अमेरिकेतल्या एका राज्याने वेगळी वाट धरली होती. नोव्हेंबर २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी, जवळपास ५९ टक्के मतांनी, मूलपेशी संशोधनासाठी ३ अब्ज डॉलरचे रोखे काढायला मंजुरी दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेने पुढे प्रयोगशाळा, रुग्णालय आणि उद्योग यांच्या एकत्रित पथकांना एकेका आजारासाठी अनुदाने दिली. २०२० मध्ये तिथल्या लोकांनी आणखी ५.५ अब्ज डॉलर मंजूर केले. संशोधनावरचा खर्च सामान्य मतदार समजून उमजून मान्य करतो, याचा हा पुरावा.

पवई ते खारघर

२०१३ मध्ये हार्वर्डमधले संशोधन संपवून डॉ. राहुल पुरवार मुंबईच्या आयआयटीत जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात रुजू झाले. देशात कार-टी बनवण्याचा अनुभव कोणाकडे नव्हता. आयआयटीकडे जनुके हाताळण्याचे कौशल्य होते, पण रुग्ण नव्हते. टाटाकडे रुग्ण आणि चाचण्यांची शिस्त होती, पण पेशी घडवण्याची सोय नव्हती. बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. गौरव नरुला आणि रक्तविकारतज्ज्ञ डॉ. हसमुख जैन हे टाटाच्या बाजूने या कामात उभे राहिले. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधील डॉ. नीराली शहा यांच्यासारख्या तज्ज्ञांकडून या चमूने शिकून घेतले. २०१८ मध्ये आयआयटीतून इम्युनोअॅक्ट ही कंपनी निघाली.

त्यांनी जे बनवले त्यातला एक बदल समजून घेण्यासारखा आहे. परदेशी उत्पादनांत शत्रूपेशीवरील ‘सीडी१९’ हे चिन्ह ओळखणारा तुकडा उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला होता. मुंबईच्या चमूने तो मानवी प्रथिनाच्या जवळ जाईल असा बदलला. शरीराला तो कमी परका वाटावा आणि प्रतिकारयंत्रणा भडकून होणारे दुष्परिणाम सौम्य राहावेत, हा हेतू. हे जनुक टी-पेशीत पोहोचवणारा, निरुपद्रवी केलेला विषाणूवाहकही त्यांनी बाहेरून विकत घेण्याऐवजी इथेच तयार केला. खर्च खाली आला तो मुख्यतः अशा निर्णयांमुळे.

पण उंदरापासून माणसापर्यंतचा टप्पा सर्वांत महाग असतो, आणि तिथेच बहुतेक भारतीय शोध अडतात. विद्यापीठाच्या अनुदानात तो खर्च बसत नाही. गुंतवणूकदाराला तो जुगार वाटतो. इथे जैवतंत्रज्ञान विभागाची बायरॅक ही संस्था पुढे आली. राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून, ज्याचा निम्मा खर्च जागतिक बँकेच्या कर्जातून येत होता, टाटा आणि आयआयटीच्या संयुक्त चमूला पहिल्या मानवी चाचण्यांसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर झाले. अनुदान दोघांना मिळून होते, म्हणून काम वाटून न घेता जोडून करावे लागले.

४ जून २०२१. करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. पवईला घडवलेल्या पेशी खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेक केंद्रातील अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात पोहोचल्या आणि भारतातल्या पहिल्या रुग्णाच्या शिरेत सोडल्या गेल्या. रणदिवे ज्या संशोधन केंद्रात घडल्या, त्याच केंद्राचा हा खारघरमधला नवा अवतार. ऊतीसंवर्धन, प्रतिकारविज्ञान, मज्जा प्रत्यारोपण : आधीच्या प्रत्येक पिढीचे काम पेशींच्या त्या एका पिशवीत होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी ‘नेक्सकार१९’ला मान्यता दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण केले. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त चाचण्यांचे निष्कर्ष आले : परिणाम मोजता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांनी उपचाराला प्रतिसाद दिला. हे असे रुग्ण होते, ज्यांच्यावरचे नेहमीचे उपचार आधीच हरले होते. त्याच निष्कर्षांत हेही आहे, की यांतल्या निम्म्या रुग्णांचा आजार काही महिन्यांतच पुन्हा पुढे सरकला. हा चमत्कार नाही. पण हरलेल्या डावात पुन्हा उभे राहण्याची खरीखुरी संधी आहे, आणि ती या भूमीत घडलेली आहे.

जे कोणतीही कंपनी करणार नाही

अशा संशोधनाचे मोल फक्त नव्या शोधात नसते. टाटामधील डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या व घशाच्या पुढे गेलेल्या कर्करोगावर एक चाचणी घेतली. निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळे करणारे औषध अतिशय महाग आहे. त्यांनी ते नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, इतर स्वस्त औषधांसोबत देऊन पाहिले. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

तंबाखू आणि गुटख्याने मराठवाड्यातली किती तोंडे पोखरली आहेत हे गावोगाव दिसते. त्या घरांसाठी ही चाचणी कार-टीइतकीच मोठी आहे. आणि आपले औषध कमी विका, असे सांगणाऱ्या चाचणीला औषध कंपनी पैसा कशाला देईल? असे प्रश्न लोकांच्या पैशानेच विचारता येतात.

याच कारणासाठी दुसऱ्या टोकाकडेही डोळे उघडे ठेवायला हवेत. ‘स्टेम सेल’च्या नावाने मतिमंदत्वापासून मणक्याच्या इजेपर्यंत सगळे बरे करून देण्याच्या जाहिराती तालुक्यापर्यंत पोहोचतात. आयुर्विज्ञान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्त बनवणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण हाच मूलपेशींचा मान्य उपचार आहे. बाकी सारे मंजूर चाचणीतच, आणि रुग्णाकडून पैसे न घेता व्हायला हवे. शेत गहाण ठेवून असा ‘उपचार’ विकत घेणाऱ्याची फसवणूक होते. सिद्ध संशोधनाला पैसा कमी पडतो तेव्हा त्याच्या जागी हा बाजार भरतो.

परभणीचा वाटा

लोकांच्या पैशाने, अनेक संस्थांनी मिळून, वर्षानुवर्षे केलेले संशोधन काय देते हे परभणीला वेगळे सांगायला नको. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ ही भेंडी दिली. शिरा पिवळ्या पाडणारा हळद्या रोग भेंडीचे पीक संपवत होता. प्रतिकाराचा गुण एका रानटी नातेवाईकात होता, पण त्याची फळे बाजारच्या कामाची नव्हती. संशोधकांनी तो गुण पिढ्यान् पिढ्या संकर आणि निवड करत ‘पुसा सावनी’सारख्या चांगल्या वाणात आणला. बियाणे शेतकऱ्याच्या हाती स्वस्तात पडले, कारण ते घडवण्याचा खर्च समाजाने आधीच उचललेला होता.

माणसाच्या पेशींच्या बाबतीत ही शेवटची पायरी अजून बाकी आहे. नेक्सकार१९ बाजारात आले तेव्हा परदेशी उत्पादनाच्या सुमारे एक दशांश किमतीत मिळत होते, तरी तो खर्च ४० लाख रुपयांच्या घरात जात होता. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची नेहमीची मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या घराला या दोन आकड्यांमधली दरी ओलांडता येणार नाही. ज्या शोधाच्या चाचण्या सार्वजनिक पैशाने झाल्या, त्याचा लाभ फक्त ऐपतीच्या माणसाला मिळणार असेल, तर दोराबजींपासून आलेला हा व्यवहार अर्धाच राहिला.

तो पुरा करायचा तर तीन गोष्टी हव्यात, आणि तिन्ही शक्य आहेत. पहिली, सरकारी अनुदानाने घडलेल्या उपचारांसाठी अनुदान देतानाच किमतीची अट आणि गरीब रुग्णांचा वाटा ठरवला पाहिजे. पैसा देताना जे मागितले जात नाही, ते नंतर मिळत नाही. दुसरी, असे महाग पण सिद्ध उपचार आरोग्य योजनेच्या एकरकमी मर्यादेबाहेर काढून त्यांच्यासाठी राज्याने वेगळा निधी उभारला पाहिजे. तिसरी, संयुक्त संशोधनाच्या साखळीत मुंबई आणि पुण्यापलीकडची गावे जोडली गेली पाहिजेत. परभणीला २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. रक्ताच्या कर्करोगाचे लवकर आणि अचूक निदान, चाचणीत सहभागी रुग्णाचा पाठपुरावा, उपचारानंतरच्या तपासण्या ही कामे इथे होऊ शकतात. त्यासाठी दर खेपेला परळ गाठण्याचे कारण नाही. चाचण्यांमध्ये मराठवाड्याचे रुग्ण आले, तर त्यांच्या पोषणाचे, उशिरा होणाऱ्या निदानाचे, अर्ध्यात सुटणाऱ्या उपचारांचे प्रश्नही संशोधनाचे प्रश्न होतील. रणदिवे अकोल्याच्या डोंगरात ज्या प्रश्नांमागे गेल्या, ते याच जातीचे होते.

परभणीच्या त्या नव्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींतून उद्याचे संशोधक निघायचे, तर त्यांच्यासाठी प्रयोगशाळा, अभ्यासवृत्त्या आणि टाटा, आयआयटी, एनसीसीएस यांच्याशी बांधलेले प्रकल्प आजच्या अंदाजपत्रकात दिसायला हवेत. त्याचे फळ कदाचित २०४५ मध्ये दिसेल. १९३२ मध्ये ज्याने निधी दिला त्याला १९४८ दिसले नाही, १९५८ मध्ये जंतू वाढवणाऱ्या खानोलकरांना १९९८ चा निकाल पाहायला मिळाला नाही. तरी त्यांनी काम आणि पैसा दोन्ही थांबवले नाहीत. आपल्या पिढीकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक पैसा आहे. तो निकालाआधी देण्याची आणि फळ सगळ्यांत वाटण्याची तयारी आपण दाखवली पाहिजे.